स्वतः काहीच न करणारं प्रोटीन

गेल्या अंकात या पानावर मिथायलेशनबद्दल थोडंसं लिहिलं होतं. डीएनएच्या सायटोसिन या अक्षरावर मिथाइल नावाचा छोटासा गट चिकटतो, एक कार्बन आणि तीन हायड्रोजन बस, आणि जीनच्या सुरुवातीच्या भागात असे भरपूर चिकटले की तो जीन गप्प बसतो, ते निघाले की परत बोलायला लागू शकतो. विषय तिथेच संपवायचा होता पण प्रश्न इतके आले, आणि काही इतके चांगले आले, की या वेळी सगळं पान त्यांनाच दिलंय.

प्रश्न (चिपळूण, बारावी सायन्स): आमच्या क्लासमध्ये सर म्हणाले की मिथाइल काढायच्या कामात एक्सआरसीसी-१ नावाचं एक स्कॅफोल्ड, म्हणजे बाकीच्यांना धरून ठेवणारं, प्रोटीन असतं, पण ते स्वतः कुठलीच रिअॅक्शन करत नाही. मग शरीर ते बनवतं कशाला? आणि त्याचा जीन चालू होण्याशी काय संबंध?

सर बरोबर बोलले. एक्सआरसीसी-१ मध्ये ६३३ अमिनो आम्लं आहेत आणि एवढ्या मोठ्या प्रोटीनमध्ये रासायनिक काम होईल अशी एक पण जागा नाही. तोडत नाही, जोडत नाही. पण उंदरात याचा जीन पूर्ण काढून टाकला तर पिल्लू गर्भातच मरतं, म्हणजे रिकामटेकडं नक्कीच नाहीये.

आधी मिथाइल निघतो कसा ते बघ. तो सरळ उपटता येत नाही, कार्बनला कार्बन जोडलेला आहे, फार घट्ट बॉण्ड, म्हणून आपल्यासारख्या सस्तन प्राण्यांत लांबचा रस्ता घेतला जातो. टेट नावाची तीन एन्झाइम्स आहेत, टेट-१, टेट-२ आणि टेट-३, ती त्या मिथाइलला पायरीपायरीने ऑक्सिजन लावतात, आधी हायड्रॉक्सिमिथाइल, मग फॉर्माइल, मग कार्बॉक्सिल. पहिली पायरी २००९ साली अंजना राव यांच्या ग्रुपने दाखवली, मूळच्या आपल्याकडच्या, तेव्हा हार्वर्डला होत्या. पुढच्या दोन २०११ मध्ये कळल्या. मग टीडीजी नावाचं एन्झाइम येतं, ते ही शेवटची दोन रूपं ओळखतं आणि अख्खं अक्षरच कापून टाकतं. हो, एक मिथाइल घालवायचा म्हणून सगळं सायटोसिन फेकून दिलं! आता डीएनएत खड्डा पडला. एपीई-१ त्या खड्ड्यापाशी डीएनएची पट्टी कापतं, पॉलिमरेज बीटा नवं कोरं सायटोसिन बसवतं, आणि लायगेज-३ टाका घालून पट्टी परत सलग करतं.

आता मे महिन्यात घरावरची कौलं परतताना काय होतं ते आठव. फुटकं कौल काढणारा एक, कुजलेली रीप बघणारा दुसरा, नवं कौल बसवणारा तिसरा, पण तिघं त्याच भोकापाशी आणि लागोपाठ पाहिजेत, नाहीतर काढणारा काढत पुढे जातो, बसवणारा अंगणात चहा पितोय, आणि वळवाची एक सर आली की माजघरात पाणी. म्हणून खाली एक काका उभे असतात, शिडीला हात न लावता सगळ्यांना एका जागी ठेवणारे. एक्सआरसीसी-१ म्हणजे ते काका. फक्त हे ओरडत नाहीत, अक्षरशः धरून ठेवतात: एका टोकाला पॉलिमरेज बीटा, दुसऱ्या टोकाला लायगेज-३, आणि मधला भाग पार्प-१ कडून आलेली खूण ओळखतो, पार्प-१ म्हणजे डीएनए तुटला की तिथे पहिलं पोचून गवगवा करणारं एन्झाइम. बरं लायगेज-३ तर इतकं अवलंबून की एक्सआरसीसी-१ नसेल तर पेशीत त्याचं प्रमाणच घसरतं.

हे का महत्त्वाचं ते आता बघ कारण खरी गंमत इथे आहे. टीडीजीला एक खोड आहे, अक्षर काढून झालं तरी ते खड्ड्याला चिकटून बसतं, त्याला तिथून हलवावं लागतं, आणि त्यात एपीई-१ मदत करतं. दुसरं म्हणजे मिथाइल जिथे असतात ती जागा बहुतेक वेळा सी (म्हणजे सायटोसिन) आणि मग जी (म्हणजे ग्वानिन) अशी असते, आणि समोरच्या पट्टीवर उलट्या दिशेने वाचलं तर तिथेही सी-जीच, म्हणजे समोरासमोर दोन मिथाइल, अगदी जवळजवळ. आता दोन्ही बाजूंनी एकाच वेळी कापलं तर? डीएनए पूर्ण तुटतो, दोन तुकडे, आणि पेशीसाठी त्याहून वाईट जखम फारशी नाही. २०१६ साली स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या एका ग्रुपने टेट-१, टीडीजी आणि दुरुस्तीची बाकी सगळी प्रोटीन्स टेस्ट ट्यूबमध्ये एकत्र आणून हे सगळं पुन्हा घडवून दाखवलं, आणि त्यांना दिसलं की एका वेळी एकाच पट्टीवर काम होतं, ती बाजू नीट झाली की मग समोरची. घाई नाही. एवढी शिस्त सुट्यासुट्या एन्झाइम्सकडून होत नाही, कुणीतरी टोळी बांधून ठेवावी लागते.

जीन चालू होण्याशी संबंध विचारलास. २०२१ मध्ये माणसाच्या स्टेम सेलपासून, म्हणजे ज्यांच्यातून दुसऱ्या पेशी घडतात त्यांच्यापासून, बनवलेल्या चेतापेशींवर एक काम झालं, त्यात कळलं की या पेशींमध्ये डीएनएच्या एका पट्टीला पडणारे काप इकडेतिकडे कुठेही पडत नाहीत, ते एन्हान्सरमध्ये जास्त पडतात, आणि तेही सी-जी च्या जागी, जिथे मिथाइल काढायचं काम चालू असतं. एन्हान्सर म्हणजे डीएनएचा असा तुकडा जो लांब बसून जीनचा आवाज वाढवतो. आणि हे काप दुरुस्त करायला पार्प-१ आणि एक्सआरसीसी-१ लागतात. म्हणजे मेंदूतली पेशी आपले महत्त्वाचे जीन बोलते ठेवायला त्यांच्याच एन्हान्सरमध्ये सतत कापाकापी करत असते आणि सतत शिवत असते! मी तो पेपर वाचला तेव्हा थोडा वेळ तसाच बसून राहिलो, आपण चेतापेशी म्हणजे एकदम जपून ठेवलेली वस्तू समजत होतो.

आणि शिवणारं कमी पडलं तर काय? २०१७ मध्ये एक्सआरसीसी-१ चा जीन बिघडलेली रुग्ण सापडली, त्रास होता अटॅक्सियाचा, म्हणजे चालताना तोल जाणं, हातापायाचा ताळमेळ सुटणं. तिथे पार्प-१ गरजेपेक्षा जास्त काम करत सुटतं असं दिसलं, आणि तसाच दोष असलेल्या उंदरांत पार्प-१ काढून टाकलं तर लहान मेंदूचं नुकसान बरंच कमी झालं. काका नसताना ओरडणाराच जास्त नडतो असं काहीसं.

तर एक्सआरसीसी-१ जीनला थेट हात लावत नाही, मिथाइल काढायची लांबलचक प्रोसेस मध्ये अडकून डीएनए तुटका राहू नये एवढं बघतं. परीक्षेत मात्र एवढंच लिही की ते बेस एक्सिजन रिपेअरचं, म्हणजे वरची अक्षर कापून नवं बसवायची जी दुरुस्ती सांगितली तिचं, स्कॅफोल्ड आहे, जास्त लिहून मार्क मिळत नाहीत हे मी पेपर तपासलेत म्हणून सांगतो.

प्रश्न (दापोली, निवृत्त शिक्षक): सगळ्या पेशींत डीएनए एकच, टेट एन्झाइम्स पण जवळपास सगळीकडे. मग लाखो जागांमधून नेमका हाच जीन उघडायचा हे त्यांना कोण सांगतं?

सर, लाखो नाही, कोटी. माणसाच्या जीनोममध्ये सी-जी च्या जागा सुमारे २ कोटी ८० लाख आणि त्यातल्या ७० ते ८० टक्क्यांवर मिथाइल असतो. टेट-१ आणि टेट-३ ला सी-जी ओळखणारा स्वतःचा एक भाग आहे, टेट-२ चा तो भाग उत्क्रांतीत सुटून वेगळाच जीन झालाय, पण तेवढ्याने पत्ता सापडत नाही, फक्त गाव कळतं. घर दाखवायला दुसरं कुणी लागतं आणि त्यातलं एक नाव म्हणजे गॅड-४५-ए. हे पण काहीच रिअॅक्शन न करणारं प्रोटीन, आणि अगदीच चिमुकलं, १६५ अमिनो आम्लं.

याची स्टोरी भांडणाची आहे. २००७ साली जर्मनीतल्या ख्रिस्टोफ नीअर्स यांच्या ग्रुपने सांगितलं की गॅड-४५-ए वाढवलं की मिथाइल निघतात आणि बंद जीन चालू होतात. २००८ मध्ये दुसऱ्या ग्रुपने करून बघितलं, त्यांना असलं काहीच दिसलं नाही आणि त्यांनी पेपरच्या शीर्षकातच तसं स्पष्ट लिहिलं. आता गंमत अशी की तेव्हा टेटचं काम कुणाला माहीतच नव्हतं, म्हणजे गॅड-४५-ए बोलावतंय कुणाला हेच कळलेलं नव्हतं. मला विचाराल तर दोघांचंही चुकलं नव्हतं, ज्या प्रोटीनचं काम दुसऱ्याला हात धरून आणणं एवढंच आहे ते कुठल्या पेशीत, कुठल्या जीनवर आणि कोण हजर असताना बघताय यावर उत्तर बदलणारच.

पुढे टीडीजीशी त्याचं नातं दिसलं, आणि २०१९ मध्ये नीअर्स यांच्याच ग्रुपने पत्त्याचा प्रश्न एका जीनपुरता तरी छान सोडवला. जीन वाचला जाताना जो आरएनए तयार होतो तो कधीकधी सुटून जात नाही, डीएनएच्या एका पट्टीला तसाच चिकटून राहतो आणि दुसरी पट्टी मोकळी लोंबते, याला आर-लूप म्हणतात. टीसीएफ-२१ नावाचा एक जीन आहे, गाठ वाढू न देणाऱ्यांपैकी, त्याच्या तोंडाशी उलट्या दिशेने टॅरिड नावाचा आरएनए बनतो आणि असा लूप करून बसतो. गॅड-४५-ए तो लूप ओळखतं, तिथे बसतं आणि टेट-१ ला घेऊन येतं, मिथाइल निघतात, टीसीएफ-२१ चालू होतो. आर-लूप मोडून टाकला की साखळी तिथेच तुटते. म्हणजे पत्ता डीएनएच्या अक्षरांत लिहिलेला नव्हता, आरएनएच्या चिकटण्यात होता. वर्तमानपत्रात 'जीनचा स्विच सापडला' अशा बातम्या येतात त्या वाचून मला म्हणूनच थोडी चीड येते, इथे बोट ठेवून दाबायला बटण असं कुठे आहे? आरएनए, तो ओळखणारा, त्याने आणलेला आणि मग दुरुस्तीची सगळी टोळी, एवढ्यांची गाठ पडली तर जीन उघडतो.

गॅड-४५-ए चा भाऊ आहे, गॅड-४५-बी, तो मेंदूत काम करतो. २००९ मध्ये उंदरांत दिसलं की मेंदूला जोरात उत्तेजना मिळाली की हा वाढतो आणि चेतापेशींच्या वाढीला लागणाऱ्या बीडीएनएफसारख्या जीनवरचे मिथाइल कमी होतात. तुम्ही वर्गात जे शिकवलंत त्यातलं काही पोरांच्या लक्षात राहिलं असेल तर त्यात याचाही वाटा असू शकेल, पण पगारवाढ मागायला आता उशीर झाला.

प्रश्न (अलिबागजवळ, शेततळ्यात जिताडा): आमच्या तळ्यातले लहान जिताडे सगळे नर निघतात आणि म्हातारे मोठे मासे माद्या. जुने लोक म्हणतात की जिताडा नराचा मादी होतो. हे जीनमुळे का?

जुने लोक बरोबर आहेत. जिताडा आधी नर म्हणून वयात येतो आणि काही वर्षांनी मोठा झाला की मादी होतो, आणि परत नर होत नाही. डीएनए तोच, अक्षरं तीच, बोलणारे जीन बदलतात. ऑस्ट्रेलियात याला बॅरामंडी म्हणतात आणि तिकडे त्याची मोठी शेती आहे, तिथल्या संशोधकांनी २०१८ मध्ये नर आणि मादी जिताड्यांच्या प्रजनन ग्रंथीतले दोन जीन तपासले, एक डीएमआरटी-१ जो नराच्या बाजूचा आणि दुसरा सीवायपी-१९-ए-१ जो नर हार्मोनचं मादी हार्मोन करणारं एन्झाइम बनवतो. दोन्हींवर मिथाइलची मांडणी नर आणि मादीत वेगवेगळी निघाली. युरोपातल्या सी-बास माशात तर २०११ मध्ये असं दिसलं की पिल्लं जास्त गरम पाण्यात वाढवली की या दुसऱ्या जीनवर मिथाइल वाढतात आणि नर जास्त होतात. तुमच्या कामाचं एवढंच की तळ्यातले मोठे मासे सगळेच विकून टाकलेत तर अंड्यांवरच्या माद्या कुठून येणार, मोठे मासे म्हणजेच माद्या.

प्रश्न (सावंतवाडी): ग्रुपवर मेसेज आलाय की आवळा खाल्ला की डीएनए स्वच्छ होतो आणि बंद पडलेले चांगले जीन चालू होतात. खरं की खोटं?

यात एक खरं बी आहे आणि त्यावर फेकाफेकीचं अख्खं झाड लावलंय. टेट एन्झाइमला काम करायला लोह, ऑक्सिजन आणि अल्फा-कीटोग्लुटारेट नावाचा पेशीतच बनणारा एक छोटा रेणू लागतो, आणि क जीवनसत्त्व टेटचं काम वाढवतं हे २०१३ मध्ये प्रयोगशाळेतल्या पेशींवर दिसलं. २०१७ मध्ये उंदरांवरही झालं, क जीवनसत्त्व कमी पडलं तर रक्ताच्या स्टेम सेलमधलं टेट-२ चं काम मंदावतं. पण हे कमतरतेबद्दल आहे हो. ज्याला पुरेसं मिळतंय त्याने आणखी चार आवळे खाल्ले तर जास्तीचं लघवीतून जातं, आणि 'चांगले जीन' वेचून फक्त तेच चालू करायला आवळ्याला पत्ता कोण सांगणार? वरचं दापोलीच्या सरांना दिलेलं उत्तर वाचा. आवळा खा, लोणचं घाला, डीएनएचं नाव मध्ये आणू नका.

प्रश्न (रत्नागिरी): वडिलांना एमडीएस (अस्थिमज्जेत रक्ताच्या पेशी नीट तयार न होण्याचा आजार) आहे, अॅझासायटिडीनची इंजेक्शनं चालू आहेत. कागदावर 'हायपोमिथायलेटिंग' लिहिलंय. म्हणजे तुम्ही सांगता तसं प्रोटीन मिथाइल काढतं, तेच का?

नाही. हायपोमिथायलेटिंग म्हणजे मिथाइल कमी करणारं, पण हा दुसरा रस्ता. पेशी दुभंगते तेव्हा नव्या डीएनएवर जुन्यासारखे मिथाइल उतरवून घेणारं एक एन्झाइम असतं, डीएनएमटी-१. अॅझासायटिडीन दिसायला सायटोसिनसारखं असतं म्हणून ते नव्या डीएनएत शिरतं, डीएनएमटी-१ त्याला चिकटतं आणि अडकून जातं, मग नव्या पेशींत मिथाइल उतरतच नाहीत. इथे काढून काही घेतलेलं नाही, पुढे लिहू दिलेलं नाही. म्हणूनच पेशी दुभंगत राहाव्या लागतात आणि म्हणूनच डॉक्टर काही फेऱ्या होईपर्यंत थांबा म्हणतात, साधारण ७ दिवस इंजेक्शन आणि २८ दिवसांची एक फेरी असं असतं. अमेरिकेत या औषधाला २००४ मध्ये मान्यता मिळाली, म्हणजे तसं जुनं आणि माहितीतलं औषध आहे. सुरुवातीला रक्तातल्या पेशी आणखी कमी होतात, ते बघून घरात घाबरगुंडी होते आणि काही लोक परस्पर बंद करतात, तसं करू नका, आणि ताप आला तर मात्र रात्र असली तरी थांबू नका, लगेच डॉक्टरांना फोन. एमडीएसच्या बऱ्याच रुग्णांत टेट-२ चाच जीन बिघडलेला सापडतो हे तुम्ही विचारलं नाहीत पण विषय निघालाच म्हणून सांगितलं.

प्रश्न (मालवण): आंबो फ्रिजात ठेवलो काय तेची चव जाता असा आमची आजी सांगता. ह्यां खरां काय? आणि तुमच्या त्या मिथाइलाचो हेच्यात काय संबंध आसा?

आहे ना संबंध, पण टोमॅटोच्या वाटेने. झाडांमध्ये टेट नसतं, त्यांची एन्झाइम्स मिथाइलवालं अक्षर थेट कापून काढतात, आणि मग खड्डा भरायला अशीच एक टोळी, झाडांचं स्वतःचं एक्सआरसीसी-१ सुद्धा त्यात आहे. टोमॅटोत असं मिथाइल काढणारं एक एन्झाइम बंद पाडलं तर फळ धड पिकतच नाही, हे २०१५ मध्ये दिसलं. आणि २०१६ मध्ये फ्लोरिडातल्या लोकांनी पिकलेले टोमॅटो पाच डिग्रीत आठवडाभर ठेवले, तर साखर आणि आंबटपणा जवळपास तसाच राहिला पण वास देणारी द्रव्यं घटली, आणि पिकण्याचे काही महत्त्वाचे जीन मिथाइलने झाकले जाऊन मंदावलेले सापडले. बाहेर काढून एक दिवस ठेवले तरी वास पूर्ण परत आला नाही. सगळी फळं अशीच वागतात असं समजू नकोस हां, संत्र्यात पिकताना मिथाइल उलट वाढतात.

हापूसचं सांगायचं तर कच्चा किंवा अर्धा पिकलेला आंबा १२-१३ डिग्रीच्या खाली बरेच दिवस ठेवला की त्याला थंडी बाधते, साल काळपट होते, आतून नीट पिकत नाही आणि वास तर विसराच. म्हणजे आजी बरोबर. अढीत पूर्ण पिकू दे, देठाजवळ वास सुटू दे, मग खायच्या आधी तासभर फ्रिजात टाकलास तर आजी पण काय बोलायची नाही.